छोट्या गावातलं थेटर: पडदा झकास, सेंटर स्पीकर भगवान भरोसे

छोट्या गावातल्या एका पडद्याच्या थेटरचा विषय निघाला की लोक एक तर नाक मुरडतात नाहीतर लहानपणीच्या आठवणी काढून गळा काढतात. मला दोन्ही जमत नाही. मी अशाच एका थेटरात पैसे मोजून पिक्चर बघते आणि बऱ्यापैकी नेहमी जाते, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून जे दिसलं ते लिहितेय.

आधी पडदा, कारण त्यासाठीच तर जायचं. पडदा खरंच मोठाय, मल्टिप्लेक्सच्या त्या मागच्या छोट्या स्क्रीनपेक्षा कधीही चांगला. पण प्रकाशाची बोंब असते. एकदा बसलो होतो, पिक्चर साधाच, टूडी, आणि रात्रीचा सीन आला की समोर नुसता काळोख, कोण कुणाला मारतंय पत्ता नाही. पब्लिक आपलं गप्प बसून बघतंय. मी उठून डोअरकीपरकडे गेले, म्हटलं, काका, आदल्या शोला थ्रीडी होता का? ते म्हणाले हो ताई, का बरं? म्हटलं, वर जरा बघायला सांगा, प्रोजेक्टरपुढचा फिल्टर तसाच राहिलाय का. ते गेले, आणि पाच मिनिटांत ढग सरल्यासारखा अख्खा पडदा उजळला, मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात "आयला!" म्हणालं. झालं असं की थ्रीडीसाठी प्रोजेक्टरपुढे जो फिल्टर लावतात तो निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, टूडी लावताना तो काढायचा असतो, आणि ऑपरेटर एकटाच, तोच तिकीट फाडायला उभा, तोच वर, तर राहतं कधी कधी. राहू नये, पण राहतं. आता यात मला आवडलं काय तर सांगितल्यावर कुणी हुज्जत घातली नाही. मोठ्या ठिकाणी हेच सांगायला गेलं की "कळवतो मॅम" म्हणतात आणि पिक्चर संपेपर्यंत कुणी हलत नाही.

दुसरी गोष्ट लॅम्पची. प्रोजेक्टरमधला झेनॉन लॅम्प, म्हणजे प्रकाश देणारा दिवा, जुना होत जातो तसा प्रकाश मंद होत जातो, ठरावीक तासांनंतर तो बदलायचा असतो आणि तो स्वस्त नसतो, म्हणून छोटी थेटरं शेवटच्या थेंबापर्यंत ओढतात. पडद्यावर 48 निट्स (निट म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रकाश असावा असं डिजिटल सिनेमाचं स्टँडर्ड आहे, पण आपण काय मीटर घेऊन जाणार नाही, तर सोपी खूण सांगते, पडद्यावर बर्फ, आभाळ असं काही पांढरं आलं की ते पांढरं दिसतंय का मळकट पिवळसर हे बघायचं. इथं मध्यंतरी पार मळकट दिसत होतं, आता बदललाय बहुतेक, चांगलं दिसतंय.

आता आवाज. इथं मात्र माझा राग आहे. पिक्चरमधले डायलॉग मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, पडद्याला बारीक बारीक भोकं असतात ती त्याचसाठी. इथला तो मधला स्पीकर फुटलाय. त्यामुळे काय होतं, पाऊस पडतो तो अगदी कानाशेजारी पडतो, गाडी डावीकडून उजवीकडे मस्त जाते, गाणं लागलं की खुर्ची थरथरते, आणि हिरॉईन बापाला काहीतरी महत्त्वाचं सांगतेय ते "घर्र घर्र बाबा घर्र" एवढंच कळतं. मग मागून कुणीतरी ओरडतं आवाज वाढवा, वर आवाज वाढतो, म्हणजे पाऊस वाढतो, बापलेकीचं घर्र घर्र वाढतं, मग पुढचे ओरडतात कमी करा. हा तमाशा दर शोला. मालकांना दोनतीनदा सांगितलं, ते नेहमी अगदी गोड बोलतात, "करून घेतो हो ताई, माणूस बोलावलाय". तो माणूस अजून वाटेतच आहे. सबटायटल असलेला परभाषेतला पिक्चर असेल तर इथं बिनधास्त जा, बाकी आपापल्या जबाबदारीवर.

एक शो रद्द झाला होता त्याबद्दल लोक ऑनलाइन फार वाईट लिहितात, पण मी स्वतः होते तिथं. आता रिळं नसतात, पिक्चर हार्डडिस्कवर नाहीतर सॅटेलाइटवरून येतो आणि तो कुलूपबंद असतो, त्याची डिजिटल किल्ली वेगळी येते आणि ती त्याच मशीनला आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. त्या दिवशी किल्ली आलीच नव्हती, पिक्चर मशीनमध्ये पडून पण चालू करता येईना. मालक स्वतः पडद्यासमोर येऊन उभे राहिले, आडपडदा न ठेवता सांगितलं, पैसे हवे त्यांना पैसे, थांबायचंय त्यांनी थांबा. काहींनी शिव्या घातल्या, त्यांनी ऐकून घेतल्या. यावर एक स्टार देणाऱ्यांनी जरा विचार करावा, दोष त्यांचा नव्हता.

खुर्च्या ठीक. काहींचे स्प्रिंग बोलतात, बसायच्या आधी हाताने दाबून बघा. बाथरूम पहिल्या शोला स्वच्छ, शेवटच्या शोला जाऊ नका, एवढंच लिहिते.

पब्लिकचं काय, तर कुठल्या ना कुठल्या रांगेत कुणीतरी फोनवर "हां बोल, थेटरात आहे" करतंच, पण इथले डोअरकीपर काका जबरदस्त आहेत. टॉर्च थेट तोंडावर मारत नाहीत, फोनच्या हातावर मारतात आणि तिथंच धरून ठेवतात. एक शब्द बोलत नाहीत. माणूस आपोआप फोन ठेवतो. लहान बाळ रडत असेल तर मात्र त्या बाईला हळूच दाराजवळची खुर्ची देतात, म्हणजे उठबस करायला बरं. हे ट्रेनिंग कुणी दिलेलं नसतं.

मी पाचपैकी साडेतीन देते, स्पीकर बदलला की चार. बसायचं असेल तर मधल्या भागात पण जरा मागं, पुढं बसलात तर त्या फुटक्या स्पीकरचं सगळं दान तुमच्या पदरात. आणि ॲपवर शो दिसत असला तरी निघायच्या आधी फोन करा, माणसं जमली नाहीत तर शो लावत नाहीत आणि ते ॲपवर कुणी टाकत नाही. फोन काकाच उचलतात, पिक्चर कसाय विचारलं तर खरं सांगतात.