चादरीचं दुकान, घरी सांभाळलेली वेबसाइट आणि कॅशेचं ते बटण

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून चादरींवरचा जीएसटी बदलला. आधी हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, त्यावरच्याला १२. आता अडीच हजारांपर्यंत सरसकट ५. टॉवेल-नॅपकिनला फरक नव्हता, ते आधीपासूनच पाचात. पण आमच्या डबल बेडच्या जाड चादरी बाराच्या रकान्यात होत्या. सोलापुरातल्या आमच्या दुकानातल्या पाट्या आदल्या रात्रीच बदलून झाल्या. वेबसाइटवर मात्र जुनेच भाव, कारण साइट ज्यांच्या ताब्यात होती ते पुण्याचे गृहस्थ फोन उचलत नव्हते.

साइट आपली आपण सांभाळायची की नाही, यावर आमच्या घरी बरीच वर्षं नुसतीच चर्चा चालायची. त्या आठवड्यात ती संपली. आता उन्हाळा आलाय, टॉवेलची गिऱ्हाइकी सुरू झालीय, म्हटलं जे कळलं ते लिहून टाकावं. साइट वर्डप्रेसवर आहे, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, आणि त्यातलं दुकान वूकॉमर्सचं, म्हणजे त्याला जोडलेल्या विक्रीच्या भागाचं. बऱ्याच लहान धंद्यांची हीच जोडी असते, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

आधीची व्यवस्था अशी: वर्षाला चौदा हजार देखभालीचे, आणि 'देखभालीत न बसणाऱ्या' प्रत्येक बदलाला वेगळे पैसे. न बसणारं म्हणजे काय, तर दुकानाचा मोबाइल नंबर बदलणं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकायचा, तिकडून "होऊन जाईल काका", मग आठवडाभर निळ्या टिका बघत बसायचं. चौदा हजारांत किती चादरी जातात ते मला तोंडपाठ आहे, त्यामुळे हे बिल दरवर्षी छातीत कळ आणायचं.

तर, भाव. लॉगिन आमच्याकडे होतं, पण 'शॉप मॅनेजर' दर्जाचं. त्यात माल, भाव, ऑर्डर, कर इथपर्यंत हात पोचतो. प्लगिनला, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या जादा सोयींना, हात लावता येत नाही. थोरलीने कराच्या पानावर १२ चे ५ केले, सेव्ह केलं, आणि भाव जागचा हलला नाही. १,३४४ ची चादर १,३४४ लाच. कारण भाव करासहित भरलेले होते. अशा वेळी टक्का बदलला की गिऱ्हाइकाला दिसणारी रक्कम तीच राहते, फक्त आतली फोड बदलते. आधी १,२०० माल आणि १४४ कर होता. आता त्याच १,३४४ मध्ये १,२८० माल आणि ६४ कर. म्हणजे कर कमी झाल्याचे ८० रुपये परस्पर आमच्या गल्ल्यात. पेपरात रोज छापून येत होतं की फायदा गिऱ्हाइकाला द्या, आणि इथे संगणकाने आम्हाला न विचारता नफेखोरी चालवलेली. मग प्रत्येक नगाचा भाव हाताने बसवला: १,३४४ चे १,२६०.

नग थोडे असतील तर यादीतच 'क्विक एडिट' पुरतं. जास्त असतील तर यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढायची, एक्सेलमध्ये भाव बदलायचे आणि 'आहे तोच माल अपडेट करा' या चौकोनात टिक करून परत चढवायची. एक्सेल मात्र डिझाइन नंबरापुढची शून्यं खातं, ००७२ चं ७२ करून ठेवतं. चढवायच्या फाइलमधून तो कॉलमच उडवा, आयडीवर काम भागतं. इथवर सगळं सोपं आहे. ज्याला टॅलीत व्हाउचर टाकता येतं त्याला हे येईल.

आता त्या बटणाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

भाव बदलून आम्ही निर्धास्त. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एका बाईंचा स्क्रीनशॉट आला: पहिल्या पानावर १,३४४, चादरीवर बोट लावून आत गेलं की १,२६०. "दादा, नक्की कितीला?" मी माझ्या संगणकावर बघितलं, दोन्हीकडे १,२६०. थोरलीच्या फोनवर बघितलं, १,२६०. बाई चुकीचं बघतायत असं वाटून त्यांना पान रिफ्रेश करायला सांगितलं. काही फरक नाही. मग शेजारच्या दुकानातल्या पोराच्या फोनवर उघडलं, आणि तिथे १,३४४!

भानगड अशी की साइट जलद उघडावी म्हणून एक प्लगिन प्रत्येक पानाची तयार प्रत करून ठेवतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच प्रत देतं. हेच कॅशे. तुम्ही मालाचा भाव बदलला की त्या मालाच्या पानाची प्रत ते नवी करतं, पण पहिल्या पानावर ती चादर जिथे मांडलेली असते त्या पानाची प्रत जुनीच राहू शकते. आणि यातली खरी मेख ही की लॉगिन केलेल्या माणसाला ते सहसा तयार प्रत देत नाही, ताजं पान देतं. म्हणजे दुकानदाराला सगळं बरोबर दिसणार आणि गिऱ्हाइकाला चूक. ज्याने दुरुस्ती करायची त्यालाच ती दिसू नये, ही कसली रीत? प्रती पुसायचं एक बटण असतं, पण आमच्या साइटवर ते फक्त अ‍ॅडमिन दर्जाच्या लॉगिनला दिसायचं. आम्ही शॉप मॅनेजर. पाच टक्के जीएसटी लागू होऊन चार दिवस झाले तरी आमच्या पहिल्या पानावर बाराचाच कारभार चालू होता, तेही नवरात्रात.

हे एक बटण द्या म्हणून मी जितके फोन केले तितके मुलीच्या लग्नाच्या हॉलसाठी केले नव्हते. पलीकडून उत्तर, "काका, अ‍ॅडमिन दिलं तर तुम्ही काहीतरी बिघडवाल." म्हटलं, अहो, साइट माझी, साइटचा पत्ता म्हणजे डोमेन माझ्या नावावर, पैसे माझे, आणि बिघडवायचा हक्क तेवढा तुमचा? दसऱ्यानंतर एकदाचं मिळालं. तेव्हापासून सवय अशी: बदल केला की बटण दाबायचं, मग इन्कॉग्निटो विंडोत (ब्राउझरची खासगी खिडकी, तिथे आपलं लॉगिन नसतं) साइट उघडून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायचं. माझ्या मते बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल, एवढं शिका.

नंतर मजा यायला लागली, हेही सांगतो. साइटवरचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला आणि डोक्याला हात लावला. आमची चादर पॉवरलूमवरची. साइटवर लिहिलेलं 'अस्सल हातमाग'. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, चिन्ह ठोकलेलं. जीआय मानांकन सोलापुरी चादरीला आहे, ते खरं. पण ते चिन्ह आपल्या मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, ती आमची नाही. दोन्ही काढलं. त्या जागी मापं टाकली, वजन टाकलं, 'पहिल्या धुण्यात मरून रंग थोडा सुटतो, वेगळी धुवा' असं सरळ लिहिलं.

आणि उलट्या बाजूचा फोटो. जॅकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेली, चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी तीच पण रंगांची अदलाबदल. वर मरून जमिनीवर पिवळा मोर असेल तर मागे पिवळ्यावर मरून. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, गिऱ्हाईक चादर हातात घेतलं की पहिल्यांदा उलटून बघतं. साइटवर इतकी वर्षं कुणाला उलटता येत नव्हती. थोरलीने गच्चीवर सकाळी ऊन चढायच्या आत फोटो काढले (नऊनंतर सोलापूरच्या उन्हात मरूनचा विटकरी दिसतो), एक कोपरा दुमडून, दोन्ही बाजू एकाच फोटोत. "मागची बाजू कशी आहे" हा फोन जवळजवळ बंद झाला आणि चादर परत यायचं प्रमाण कमी झालं. हे पुण्यात बसलेल्याला कसं सुचणार? फोटो चढवण्याआधी बाराशे पिक्सेलला आणा, फोनमधला मूळ फोटो तसाच चढवला तर मोबाइल डेटावर पान रांगतं.

मराठी मजकुराचं एकच सांगतो. डीटीपीवाल्याने दिलेला जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला निघाला, साइटवर चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं. युनिकोडमध्येच लागतो. मी फोनवर बोलून टाइप करतो, नंतर ऱ्हस्व-दीर्घ थोरली बघते.

इथवरचं सगळं मी डिसेंबरात कच्चं लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ठणकावून लिहिलं होतं की कुणालाही पैसे देऊ नका, सगळं घरी करा. ते वाक्य आता काढतोय.

जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत, प्लगिनच्या यादीत लाल आकडे दिसत होते म्हणून अपडेट केलं. पहिल्या पानावर फोटो सरकवणाऱ्या स्लायडरचं ते प्लगिन. साइट पांढरी. वर एक इंग्रजी ओळ, साइटवर गंभीर त्रुटी आहे, अ‍ॅडमिनचा ईमेल तपासा. अशा वेळी आत शिरायला खास लिंक असलेला मेल पाठवायची सोय वर्डप्रेसमध्ये २०१९ पासून आहे, ५.२ आवृत्तीपासून. मेल गेलासुद्धा. पण सेटिंगमध्ये 'जनरल' या पानावर जो अ‍ॅडमिन ईमेल असतो तो अजून पुण्याच्याच गृहस्थांचा होता! लॉगिन आमच्या नावावर आलं तरी तो रकाना आपोआप बदलत नाही. तुम्ही साइट ताब्यात घेणार असाल तर आजच तो बघा. नवा पत्ता टाकला की त्यावर खात्रीची लिंक येते, ती दाबेपर्यंत जुनाच चालू राहतो.

शेवटी भाच्याच्या ओळखीचा एक मुलगा आला, अक्कलकोट रोडला एका कारखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघतो. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या भाड्याच्या जागेच्या, फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्याने त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं. वर्डप्रेसला प्लगिन सापडेना, म्हणून त्याने ते बंद धरलं आणि साइट उघडली. चहा गार व्हायच्या आत. पाचशे रुपये घेतले आणि मला म्हणाला, "मामा, हेच अपडेट आपोआप होऊ दिलं असतं तर वाचला असता." वर्डप्रेसच्या ६.६ आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, आपोआप होणाऱ्या प्लगिन अपडेटनंतर साइट कोलमडली तर वर्डप्रेस स्वतःच जुनी आवृत्ती परत बसवतं. हाताने बटण दाबलं तर हे संरक्षण नाही. काळजी घेणाऱ्यालाच शिक्षा, आहे की नाही! स्लायडर परत लावलाच नाही. कुणीही विचारलं नाही तो कुठे गेला, आणि पान जलद उघडायला लागलं ते वेगळंच.

तर आता आमच्याकडे लूमसारखं आहे, चालवणारा वेगळा आणि जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, वेगळा. भाव, फोटो, मजकूर, सुट्टीची सूचना घरी. प्लगिन, पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती, होस्टिंग त्या मुलाकडे, कामापुरते पैसे. अपड्राफ्टप्लस या बॅकअपच्या प्लगिनचा फुकटचा प्लॅन दर रविवारी रात्री सगळ्याची प्रत गूगल ड्राइव्हवर टाकतो. ती प्रत परत चढवून बघायला त्या मुलाला एकदा खास बोलावलं, कारण न तपासलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. होस्टिंग आणि डोमेन धरून वर्षाचा खर्च आधीच्या देखभालीच्या निम्म्याच्याही आत आला. ज्यांची साइट म्हणजे नुसतं एक पान आणि नकाशा आहे, त्यांनी हे सगळं करूच नये. गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल ताजं ठेवलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. लॉजवाले टॉवेल डझनाने घेतात आणि त्यांना माप, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), नगाचं वजन आणि डझनाचा भाव एकाच तक्त्यात हवा असतो. तो तक्ता संगणकावर झकास दिसतो, मोबाइलवर मात्र शेवटचा कॉलम, म्हणजे नेमका भावाचा, स्क्रीनच्या बाहेर जातो. कॅशे पुसून बघितला, इन्कॉग्निटोत बघितला. कुणाला जमलं असेल तर सांगा, तोवर मी तक्त्याचा फोटोच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय.