एका हंगामानंतर: फासांचा पट्टा, जाळीची झोळी आणि जाकिटाचा मागचा खिसा

शिकारीच्या सामानाचा विषय निघाला की बंदूक, काडतुसं आणि बूट यांवर तासभर बोलणं होतं. मारलेला ससा घेऊन पुढचे चार तास चालायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात माझे दोन ससे वाया गेले. जीव घेऊन मांस टाकून द्यावं लागणं मला फार लागलं. त्यानंतरचे पाच महिने मी परवान्याच्या मर्यादेत, पायी फिरत, सावज वाहायच्या तीन पद्धती आलटून पालटून वापरल्या.

ते दोन ससे होते शिकारी जाकिटाच्या मागच्या खिशात. खिसा सोयीचा आहे, हे खरंच. वजन पाठीला चिकटून राहतं, हात मोकळे राहतात, झुडपात काही अडकत नाही. आतलं रबरी अस्तर रक्त बाहेर येऊ देत नाही, पण तेच अस्तर हवाही आत येऊ देत नाही. सशाचं अंग जिवंतपणी आपल्यापेक्षा थोडं गरमच असतं, पक्ष्याचं तर ४० अंशांच्या वर. त्यात आपल्या पाठीची ऊब. दोन ससे एकमेकांना चिकटून तीन तास राहिले आणि घरी सोलले तेव्हा पोटाकडचं मांस हिरवट पडलं होतं, वासही बदलला होता. आता हा खिसा मी फक्त कडाक्याच्या थंडीत वापरतो, तोही एखाद्या पक्ष्यापुरता.

मन जडलं ते चामडी पट्ट्यावर. खांद्यावरून तिरका घ्यायचा, खाली दोन्ही बाजूंना चार-चार सरफास. पक्ष्याची मान फासात घातली की त्याच्याच वजनाने फास आवळतो. सगळीकडून वारा लागतो, त्यामुळे तितर चालता चालताच गार होतो. लाव्याचं वजन मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याने जाड चामड्याचा फास आवळत नाही. दोन लावे असेच कुठेतरी गळून पडले, परत जाऊन शोधले तेव्हा एकच सापडला. तेव्हापासून लाव्यांसाठी पट्ट्याला बारीक सुतळीचे फास बांधलेत.

आणखी एक गोष्ट अनुभवानेच कळली. मी उजव्या खांद्याला बंदूक लावतो. पट्टाही त्याच खांद्यावर असला की दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग, त्यावर टेकून घसरतो. पट्टा डाव्या खांद्यावर घेतल्यापासून ती अडचण गेली. आणि सावज अडकवायला वाकण्याआधी बंदूक रिकामी करायची, दर वेळी.

ससा मानेने लटकवत नाही. मागच्या एका पायाचं हाड आणि टाचेची शीर यांच्यामध्ये चाकूने लहान छेद द्यायचा, दुसरा पाय त्यातून ओवायचा, म्हणजे आयती कडी तयार होते. ती पट्ट्यात किंवा काठीवर अडकवा, निसटत नाही. त्याआधी ससा हातात उभा धरून पोटावरून अंगठा खाली दाबत न्यायचा, म्हणजे लघवी निघून जाते. हे पहिल्या मिनिटाला केलं नाही तर मांसाला वास लागू शकतो. उकाडा असेल तर आतडीही तिथेच काढतो, हातमोजे घालूनच. सशांपासून टुलारेमिया हा जिवाणूंचा आजार माणसाला होऊ शकतो. यकृतावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो ससा मी खाण्यासाठी ठेवत नाही.

पट्ट्याचा त्रास काटेरी रानात होतो. पिसं उपटली जातात, मांडीवर सारखा मार बसतो, आणि दीड-दोन किलोचे तीन ससे झाले की खांदा भरून येतो. तिथे जाळीची झोळी बरी. जाड कॅनव्हासची पाठ, पुढून सुती जाळी, आत धुता येणारं सुटं अस्तर. ससे पोट साफ करून, थोडे गार होऊ देऊन मगच आत घालतो. अंग गार झालं की पिसवा आणि गोचिडी ते सोडून दुसरी ऊब शोधतात, ती आपली नको. झोळीत तीन सशांच्या वर भरत नाही, कारण दाटीत मधला ससा गरमच राहतो. आजूबाजूला दुसरे शिकारी असले तर उघड्यावर हलणारी फर दिसू नये म्हणूनही झोळीच घेतो, तिच्यावर नारिंगी पट्टी शिवून.

प्लास्टिकची पिशवी मात्र अर्ध्या तासासाठीसुद्धा नको. आत घाम धरतो आणि सगळं ओलं होतं.

बऱ्याच ठिकाणच्या नियमांप्रमाणे पक्ष्याची जात ओळखता यावी म्हणून घरी पोचेपर्यंत डोकं किंवा एक पंख अंगाला ठेवावा लागतो. फासात डोकं असतंच, त्यामुळे पट्ट्यावर हा नियम आपोआप पाळला जातो.

धुण्याचं म्हणाल तर रक्ताला थंड पाणीच हवं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. अस्तर मिठाच्या थंड पाण्यात रात्रभर भिजवतो. चामडं ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवतो आणि महिन्यातून एकदा तेल देतो. पाच महिन्यांत पट्ट्याची एक शिवण उसवली, बक्कलजवळची, जिथे सगळा ताण येतो. ती मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवून घेतली आहे. झोळीच्या जाळीला दोन भोकं पडलीत, तीही काट्यांनी. पुढच्या हंगामाआधी जाळी बदलून जरा बारीक विणीची लावणार आहे.