येऊरवाल्यांनो, आल्प द्युएझ एकदा कराच

दर रविवारी ठाण्यात उपवनवरून येऊरचा डोंगर सायकलने चढणारी मी, यंदा जुलैत फ्रान्समधला आल्प द्युएझ चढले. हिवाळ्यात स्कीचं गाव, उन्हाळ्यात सायकलवाल्यांची पंढरी! १३.८ किलोमीटर, सरासरी ८ टक्के चढ, २१ वळणं. वळणांचे आकडे उलटे, २१ पासून १ पर्यंत, आणि पाट्यांवर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत इथला टप्पा जिंकलेल्यांची नावं. १९५२ साली इथे पहिल्यांदा जिंकलेल्या फाउस्तो कोप्पीचं नाव दिसलं आणि अंगावर काटाच आला. पहिले दोन किलोमीटर सर्वांत खडे, तिथे घाई नको. भाड्याच्या सायकलचा गिअर मात्र सारखा सटकत होता. आधी नीट तपासून घ्या. वर पोचले तेव्हा डब्यातली एक तिळाची वडी उरली होती. ती तिथेच खाल्ली.