विहिरीच्या मोटरचा दणका कसा गेला: दहा महिन्यांचा अनुभव

आमचं घर खानापूर तालुक्यात. परसातली विहीर जांभ्यात खोदलेली, ४५ फूट खोल. पावसाळ्यात पाणी काठापासून १०-१२ फुटांवर असतं, मे महिन्यात ३८ फुटांवर जातं. आत पाण्यात बुडून चालणारी ओपनवेल मोटर सोडलेली, तिथून दीड इंची पाईप गच्चीवरच्या टाकीला.

तीन वर्षं झाली, फेब्रुवारी संपत आला की मोटर चालू करताच काठावर ‘धाड्’ असा दणका बसायचा. स्वयंपाकघराची भिंत हादरायची. पहाटे लाईट आल्या आल्या मोटर लावावी लागते, आणि आई रोज म्हणायची, "बाळा, छातीत धस्स होतंय बघ." काठावरचा जोड दोनदा सुटला, तेव्हा मी हे मनावर घेतलं.

आधी काठावरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह, बदलला. जुना पडदीचा होता. मोटर बंद झाली की चढलेलं पाणी उलटं फिरतं आणि मग ती पडदी आपटते. स्प्रिंगचा वॉल्व्ह पाणी उलटायच्या आत मिटतो. त्यानं बंद करतानाचा आवाज गेला, चालू करतानाचा मात्र तसाच. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून टोपण लावलेला दोन फुटी उभा पाईप बसवला, आतल्या हवेची उशी व्हावी म्हणून. महिनाभर बरं वाटलं. पण ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि पाईप पाण्यानं भरतो. दर वेळी तो रिकामा करत कोण बसणार?

शेवटी गावातल्या एका जुन्या फिटरनी विचारलं, "वर्षभर वाजतंय काय उन्हाळ्यातच?" तिथंच उत्तर होतं.

आमच्या पाईपला दोन एनआरव्ही होते, एक मोटरच्या तोंडाशी आणि एक काठावर. खालचा गळत होता. मोटर बंद झाली की दोन्हींच्या मधलं पाणी खाली सरकायला बघायचं. हवेचा दाब पाईपमध्ये पाणी तोलून धरतो, पण आपल्याकडच्या उंचीवर तो जेमतेम ३० फुटांपर्यंत. विहिरीचं पाणी त्याखाली उतरलं की काठावरच्या वॉल्व्हखाली पोकळी तयार व्हायची. हवा नाही, पाणी नाही, नुसती पोकळी. मोटर लावली की खालून सुसाट आलेलं पाणी मधे काहीच आडवं नसल्यानं थेट मिटलेल्या वॉल्व्हवर आदळायचं. पावसाळ्यात पाणी वर असतं, पोकळी होतच नाही, म्हणून आवाजही नाही.

मोटर वर काढून खालच्या वॉल्व्हवर पाणी ओतून बघितलं, टिपटिप गळत होतं. रबरात जांभ्याचे कण रुतलेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथं पितळी स्प्रिंगचा नवा वॉल्व्ह बसवला आणि काठावरचा काढूनच टाकला. वर दुसरा हवाच असेल तर उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीपासून २५ फुटांच्या आत ठेवा. भिंतीवरच्या क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत काम झालं.

खरी परीक्षा मे महिन्यात होती. पाणी ३८ फुटांवर गेलं, तरी एकदाही दणका नाही. बंद करताना हलकासा ‘ठक’ येतो, तेवढाच.

एक त्रास मात्र आहे. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि वॉल्व्हमध्ये पुन्हा कण अडकला. मोटर बंद केल्यावर पाईपमधून पाणी खाली झिरपल्याचा आवाज येऊ लागला. गणपतीच्या आधी मोटर काढून वॉल्व्ह धुतला. वरचा एनआरव्ही नसल्यानं झिरपलेल्या पाईपमध्ये वरून हवा शिरते, त्यामुळं दणका परत आला नाही. पण वॉल्व्ह चांगला असतो तेव्हा पूर्ण पाईप पाण्यानं भरलेला राहतो, आणि तो ओढायला तीन माणसं लागतात. मेन स्विच बंद करूनच हात घाला आणि ओढायचं ते नायलॉनच्या दोरानं, केबलला अजिबात ताण देऊ नका.

आता मोटर चालू आहे हे घरात कुणाला कळतच नाही. दोनदा टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहिलं, म्हणून दसऱ्याला टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवून घेतला.