तुमसर रोड–गोंदिया मेमूचा पास: दिवाळी ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मला गोंदियाला नोकरी लागली आणि देव्हाडीहून रोजचं अप-डाऊन सुरू झालं. स्टेशनच्या पाटीवर तुमसर रोड असलं तरी आमच्याकडे सगळे देव्हाडीच म्हणतात. आता पोळाही होऊन गेला, म्हणजे हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पावसाळा या मेमूत, म्हणजे विजेवरच्या पॅसेंजर गाडीत, काढून झाला. नवा पास काढणारे मला वेळापत्रक आणि भाडं विचारतात. ते कुठंही कळतं. डब्यात जागा कशी मिळते, कोण सरकतं, कोण अडवून बसतं आणि अशा वेळी काय केलं की काम होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी सांगून टाकते. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्यांनाही एक्स्प्रेसचं भाडं लागत होतं, कमीत कमी ३० रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आलं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी पन्नासेक किलोमीटर रोज जायचं तर रेल्वेचा पास पुष्कळ स्वस्त पडतो. शिवाय मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज सेकंड क्लासचा पास फुकट मिळतो, त्यामुळे सकाळच्या गाडीत कॉलेजच्या पोरी भरपूर असतात. हावडा-मुंबई मुख्य मार्ग असल्यानं मालगाड्यांची आणि एक्स्प्रेसची ये-जा सतत चालू. मेमू मध्येच थांबते. घरून निघताना तेवढा वेळ हाताशी ठेवायचा.

आता जागेचं. नागपूरच्या इतवारीकडून निघालेली गाडी कामठी, कन्हान, भंडारा रोड करत आमच्याकडे येते तोवर बाकं भरलेली असतात. बाक तिघांचं, पण त्यावर चौथा बसतो, ही इथली रीत. ‘थोडं सरका ना जी’ म्हटलं की माणसं सरकतात. हे मला पहिल्या आठवड्यापासून फार आवडलं. चौथ्यानं काही गोष्टी पाळायच्या असतात. पाठ टेकण्याचा हट्ट धरायचा नाही, बॅग मांडीवर घ्यायची, आणि तिघांपैकी कोणी उतरलं की मगच नीट मागं सरून बसायचं. खिडकी रिकामी झाली तर पहिला मान त्याच बाकावरच्यांचा, मग उभ्या असलेल्यांचा. कोणी शिकवत नाही, पण पाहून पाहून कळतं.

खिडकीशी बसणाऱ्याकडे एक कामही असतं. देव्हाडी सोडली की मुंडीकोट्याच्या आधी वैनगंगेचा पूल लागतो. पूल आला की आतल्या बाजूच्या बाया नाणी पुढं करतात आणि खिडकीतली बाई सगळ्यांची नाणी एकेक करून नदीत टाकते. एकदा एका कॉलेजच्या मुलीनं कानातल्या वायरी न काढता सहा-सात जणींची नाणी घेतली, टाकली, प्रत्येकीकडे वळून ‘टाकलं काकू’ म्हणून सांगितलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पावसात काच ओढायची की नाही, हिवाळ्यात पहाटेचा गारठा आत येऊ द्यायचा की नाही, हेही खिडकीवालीनं एकटीनं ठरवायचं नसतं. शेजारी तान्हं मूल असेल तर न सांगता काच खाली येते. हा भाग सगळा उत्तम आहे.

खरा त्रास रुमालाचा. भंडारा रोडला चढलेला एक माणूस चार-पाच जागा धरून बसतो. एका जागेवर रुमाल, दुसरीवर टिफिन, तिसरीवर घडी केलेला पेपर, चौथीवर हेल्मेट. देव्हाडीला आम्ही चढतो आणि विचारतो, ‘भाऊ, इथं कोणी आहे का?’ उत्तर ठरलेलं: ‘हव, येऊन राह्यले.’ येणारा माणूस तिरोड्याला चढणार असतो. म्हणजे तोपर्यंत रुमाल बसून आणि तिकीट काढलेली म्हातारी उभी.

जागा धरणाऱ्यांची बाजू मी ऐकलेली आहे. पहाटे घर सोडतात, रात्री परततात, वर्षानुवर्षं एकत्र जातात, कोणाला चक्कर आली तर हेच लोक पाणी देतात, कोणाची पिशवी राहिली तर दुसऱ्या दिवशी आणून देतात. हे सगळं खरं आहे आणि त्यांचं ऋण मी मानते. पण जनरल डब्यात आरक्षण नावाची गोष्टच नाही. पासवाल्याचा हक्क १० रुपयांच्या तिकिटापेक्षा तसूभरही जास्त नाही. राखीव नसलेल्या डब्यात येणाऱ्या प्रवाशाला अडवणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १५५ खाली गुन्हा धरला आहे. बाकावरचा माणूस बाथरूमला गेला असेल तर जागा त्याचीच, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. जो अजून गाडीतच चढलेला नाही, त्याची जागा कसली?

हा प्रश्न कसा सुटतो ते मी तिरोड्याला पाहिलं. एक सासू आणि तिची सून चढल्या. सुनेला सातवा-आठवा महिना असावा. हातात दवाखान्याची फाइल, गोंदियाला बाई गंगाबाई रुग्णालयात तपासणीला निघालेल्या. आमच्या समोरच्या बाकावर दोन माणसं आणि मध्ये एक स्टीलचा डबा. सासूनं विचारलंच नाही. तिनं डबा दोन्ही हातांनी उचलला, बाजूच्या माणसाच्या मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, ‘डबा धरा जी, सांडन. पोरगी बसते.’ तो माणूस डबा धरून गप्प बसला. सून बसली. ज्याच्यासाठी जागा धरली होती तो दोन मिनिटांनी आला, पाहिलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. कोणी एक शब्द बोललं नाही.

तेव्हापासून मीही तसंच करते आणि नव्यांना तेच सांगते. ‘कोणी आहे का?’ असं विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाला ‘आहे’ हेच उत्तर मिळतं. वस्तू हातात घ्यायची, मालकाला द्यायची, ‘घ्या भाऊ, बसते मी’ म्हणायचं आणि बसायचं. आवाज चढवायचा नाही. बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर आसपासची एखादी काकू बोलतेच.

पत्त्यांचा अड्डा हा रुमालाचाच भाऊ. समोरासमोरच्या दोन बाकांवरचे गुडघ्यांवर दुपट्टा ताणून बसतात आणि मग आतल्या रिकाम्या जागेपर्यंत पोचताच येत नाही. खेळा ना, मला काही अडचण नाही, वेळ जायला काहीतरी हवंच. पण कोणी आत जायला आलं की दुपट्टा उचलायचा, एवढं तरी हवं. डाव अर्धवट आहे हे कारण ऐकून मी फार चिडते.

बायकांच्या डब्याबद्दल पुष्कळ जणी विचारतात. प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी जागा राखून ठेवणं त्याच रेल्वे कायद्याच्या कलम ५८ नं बंधनकारक आहे आणि तिथं जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषावर कलम १६२ खाली कारवाई होते. तरी लहान स्टेशनवर धावत येणारे पुरुष समोर दिसेल त्या दारातून चढतात आणि ‘पुढच्या स्टेशनवर उतरतो’ म्हणत तिथंच राहतात. आमच्यातल्या एका बँकेतल्या ताईंनी एकदा रेल्वेच्या मदत क्रमांकाला, १३९ ला, फोन लावला, गाडी कोणती, डबा इंजिनकडून कितवा, पुढचं स्टेशन कोणतं एवढं शांतपणे सांगितलं. पुढच्या स्टेशनवर आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, दोघं दारात उभेच होते. त्यांनी सगळ्यांना उतरवून शेजारच्या डब्यात पाठवलं. तेव्हा हा नंबर फोनमध्ये असू द्या आणि डबा कितवा ते चढतानाच मोजून ठेवा, ऐन वेळी तेच सांगता येत नाही.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घासून खातात त्याबद्दल, लिहायलाच हवं. विदर्भात राहून याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. शेजारचा माणूस खिशातून पन्नी काढतो आणि तळहातावर घासायला लागतो, तो करकर आवाज डब्यात चहूकडून येत असतो. सुपारीचा आणि चुन्याचा बारीक भुगा शेजारणीच्या ओढणीवर उडतो. मग पिचकारी. चालत्या गाडीत खिडकीतून थुंकलेलं वाऱ्यानं मागं येतं आणि मागच्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर, हातावर बसतं. शाळेत निघालेल्या एका छोट्या मुलीच्या पांढऱ्या शर्टावर तो लाल शिंतोडा पडलेला मी पाहिला आहे. ती रडली नाही, रुमाल ओला करून घासत राहिली आणि डाग पसरत गेला. थुंकणाऱ्याला मागं काय झालं ते कळलंसुद्धा नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि खर्राही बंदीतच धरतात, तरी स्टेशनबाहेर पन्न्या मिळतात. मी आता थेट म्हणते, ‘भाऊ, गाडीत नका थुंकू, मागं लेकरं बसली आहेत.’ काही जण वरमतात, काही तोंड वाकडं करतात, पण बोलायचं सोडायचं नाही. दाराच्या लगेच मागच्या खिडकीत बसणं शक्यतो टाळा, थुंकणारे जास्त करून दारातच उभे असतात.

मोठ्या आवाजात मोबाइल लावणं, समोरच्या बाकावर चपलेसकट पाय ठेवणं, उतरणाऱ्यांना उतरू न देता चढणं, हे सगळीकडे आहे तसं इथंही आहे. ‘आवाज कमी करता का’ म्हटलं की बहुतेक जण करतात. दारात बसणाऱ्या पोरांना मात्र कितीही सांगा.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत. हा सगळा धानाचा पट्टा. आषाढ-श्रावणात गावोगावच्या बाया टोळीनं रोवणीला जातात, सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना त्यातल्या काही याच गाडीत असतात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावलेले असतात. स्टेशनच्या नळावर पाय धुऊन येतात, तरी साडीचा काठ ओला असतो, पायांच्या भेगांत चिखल राहतो, हातात पावसापासून बचावाची प्लास्टिकची खोळ असते. त्या चढल्या की नोकरीवाल्या बायकांचे पदर आवरले जातात, पर्स मधल्या जागेवर येते. त्या बाया काहीच मागत नाहीत. दाराजवळ खाली बसतात, गुडघ्यात डोकं घालतात.

एका संध्याकाळी आमच्या बाकावर जागा होती आणि त्यांच्यातली एक वयस्क बाई खांबाला धरून उभी होती. समोरची एक मॅडम म्हणाली, ‘मावशी, साडी ओली आहे तुमची, सीट खराब होते.’ ती बाई ‘हव बाई’ म्हणून लगेच मागं सरकली. तेव्हा आमच्याबरोबर रोज येणाऱ्या एक निवृत्तीला आलेल्या शिक्षिका उठल्या. त्यांनी आपल्या पिशवीतला पेपर काढून बाकावर पसरला, त्या बाईच्या दंडाला धरून तिला बसवलं आणि म्हणाल्या, ‘तिकीट काढलं ना तुम्ही? मग बसा. सीट पुसता येते.’ ती बाई बाकाच्या अगदी कडेवर बसली. टेकली नाही. शिक्षिकाबाईंनी पुन्हा सांगितलं, ‘मागं टेका, पाठ दुखत असन.’ तेव्हा ती टेकली, आणि गाडीनं वेग घेण्याआधी तिला झोप लागली होती. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसून आलेल्या आम्ही सगळ्या तिच्याभोवती होतो. मला आजही त्या मॅडमचा राग येतो आणि तो यावा असंच वाटतं. बाक रेल्वेचं आहे, आणि त्या संध्याकाळी त्याची सगळ्यात जास्त गरज असलेली बाई उभी होती.

याच शिक्षिकाबाईंनी आमच्या डब्यात एक पद्धत पाडली आहे. सकाळी भंडारा रोड-देव्हाडीपासून बसून आलेल्यांनी तिरोड्याला उठायचं आणि तोपर्यंत उभ्या असलेल्यांना बसू द्यायचं. तिरोडा साधारण अर्ध्या वाटेवर येतं, त्यामुळे हिशेब सोपा. सुरुवातीला तीन-चार जणीच उठायच्या, आता अर्धा डबा उठतो. गुडघे दुखणाऱ्यांना आणि पोटुशींना यातून सूट. कॉलेजच्या पोरींनी तर हे इतकं मनावर घेतलं आहे की तिरोडा यायच्या आधीच पिशव्या आवरायला लागतात, कोणी नवी बसून राहिली तर त्याच तिला सांगतात. नोकरीवाल्यांतल्या दोघी-तिघी मात्र नेमक्या तिरोड्यालाच डोळे मिटून घेतात. त्यांना मी आता खांद्याला हात लावून उठवते.

परतीचं वेगळं आहे. गोंदियाहून सुटणारी गाडी फलाटावर रिकामी उभी असते, त्यामुळे वीसेक मिनिटं आधी पोचलात तर खात्रीनं बसायला मिळतं. पण रुमालांचा सुळसुळाट तिथंच सगळ्यात जास्त, खिडकीतून बाहेरूनच पिशव्या फेकतात. तिथंही डबा उचलून मांडीवर देण्याचाच उपाय चालतो.

पास मी पुन्हा काढला आहे, यावेळी तीन महिन्यांचा. देव्हाडीहून नव्यानं सुरू करणाऱ्या बायकांनी सकाळी बायकांच्या डब्यातच चढावं. पहिल्या दिवशी बसायला मिळेलच असं नाही, पण तिरोड्यापर्यंत उभं राहायची तयारी ठेवा, पुढं कोणीतरी उठेल.