गावातलं पुराच्या तयारीचं ट्रेनिंग, देणगीदाराच्या नजरेतून रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते सविस्तर लिहिते, कारण अशा कामाला पैसे द्यायचा विचार करणाऱ्यांना तेच जास्त उपयोगी पडेल.

एक छोटी संस्था आहे, पूर येणाऱ्या गावांत जाऊन शिकवते, पाणी यायच्या आधी काय करायचं, आल्यावर काय आणि ओसरल्यावर काय. गावाकडून पैसे घेत नाहीत, सगळं देणगीवर चालतं. आम्ही काही जणांनी मिळून एका गावाचा खर्च उचलला आणि ट्रेनिंगला जाऊन बसलो.

सगळ्यात भारी वाटला तो नकाशा. पीपीटी वगैरे काही नाही, लोकांनीच जमिनीवर खडूने गाव काढलं, पाणी आधी कुठून शिरतं, कुठला रस्ता पहिला बंद होतो, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, आणि यातलं निम्म्याहून जास्त म्हाताऱ्या बायकांनीच सांगितलं, ट्रेनरला हे कुठून माहीत असणार. मग त्यावरूनच ठरलं की कुणाला कोण उचलून नेणार, गोठ्यातली जनावरं कधी सोडायची, भोंगा कोण वाजवणार. आणि प्रत्येक वेळी ट्रेनर विचारायचे, "हा माणूस त्या दिवशी गावात नसला तर कोण?" एवढ्या एका प्रश्नासाठी मी हा कार्यक्रम कुणालाही सुचवेन.

मॉक ड्रिल अंधार पडल्यावर घेतली, हे फार बरोबर केलं. मेगाफोनचा आवाज शेवटच्या घरांपर्यंत पोचतच नाही हे तेव्हा कळलं, मग तिकडे दुसरा भोंगा ठेवायचं ठरलं.

आता कापलेला स्टार. पूर ओसरल्यानंतरचा भाग शेवटी घाईघाईत उरकला, लोक उठायला लागले होते तेव्हा. आणि त्यात किती महत्त्वाचं होतं! भिजलेल्या वायरिंगवर मेन स्विच चालू करायचा नाही, विहीर शुद्ध होईपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं, चिखल उपसायच्या आधी नुकसानीचे फोटो काढायचे, कागदपत्रांच्या कॉपी गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवायच्या. भरपाई मिळणं न मिळणं यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर अडतं, त्याला अर्धा दिवस तरी हवा होता.

दुसरं म्हणजे पॅकेजमध्ये उजळणी नाही. एकदा शिकवलं, किट वाटलं, फोटो काढले, झालं. खरं तर हा दोष देणाऱ्यांचाच जास्त आहे, किट दिसतं म्हणून त्याला पैसे मिळतात आणि दरवर्षी तीच ड्रिल घ्यायला कुणी देत नाही. जगभरात हेच चित्र आहे, 2010 ते 2019 मध्ये आपत्तीसाठी दिलेल्या सुमारे 133 अब्ज डॉलरच्या आंतरराष्ट्रीय मदतीपैकी आधीच्या तयारीसाठी आणि धोका कमी करण्यासाठी जेमतेम 4.1 टक्के गेले, पुनर्बांधणीला 5.8, बाकी नव्वद टक्के संकट आल्यावर धावाधाव करण्यात.

आणि सतत खर्च केला तर काय होतं ते बांगलादेशात दिसतं. 1970 च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली, 1972 मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांचा कार्यक्रम सुरू झाला तो अजून चालू आहे, आज सुमारे 76 हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यात निम्म्या बायका. 2020 च्या अम्फान चक्रीवादळाच्या वेळी वीस लाखांहून जास्त लोक आधीच हलवले, मृत्यू काही डझनांवर थांबले. निवारे आणि हवामानाचा अंदाज सुधारला हेही आहेच, पण तो इशारा दारोदार पोचवायला शिकलेली माणसं लागतात ना.

मी संस्थेला उजळणीबद्दल विचारलं, ते म्हणाले देणगी देतानाच पुढच्या वर्षीच्या ड्रिलचा आणि गावातल्याच दोघांना ट्रेनर म्हणून तयार करायचा खर्च लिहून दिलात तर करतो. त्यामुळे पैसे देण्याआधी बजेट मागून घ्या, त्यात या दोन ओळी आहेत का बघा, नसतील तर किटमधली एखादी वस्तू कमी करून त्या टाकायला सांगा. आणि पावसाच्या बऱ्याच आधी बोला त्यांच्याशी, ट्रेनर मोजकेच आहेत आणि तारखा लवकर संपतात.