स्क्रीनवरचे ज्यूल आणि हँडपीसमधले ज्यूल: जुन्या लेसर मशीनचा माझा अनुभव

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सांगलीत माझं छोटं क्लिनिक आहे. नको असलेले केस काढण्यासाठी मी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून वापरलेलं डायोड लेसर मशीन सहा लाख वीस हजारांना घेतलं आणि त्यात माझी फसवणूक झाली. प्रकरण वकिलांकडे असल्यामुळे विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. फसवायची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, कारण तालुक्याच्या गावी क्लिनिक उघडणाऱ्या कितीतरी जणी आज अशीच मशीनं शोधत आहेत.

गोदामात डेमो झाला. स्क्रीन उजळली, हँडपीसचं, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या हातातल्या भागाचं, टोक गारठलं, पेडल दाबलं की बीप आणि टोकाशी लालसर चमक. आजवर किती शॉट, म्हणजे प्रकाशाचे झोत, मारले ते मोजणारा काउंटर साडेतीन लाख दाखवत होता. चांगल्या बनावटीचा डायोड एक-दोन कोटी शॉट देतो, म्हणजे मशीन जवळजवळ नवंच. ‘मॅडम, क्लिनिक बंद झालं म्हणून निघालंय, नाहीतर असा पीस मिळत नाही,’ असं तो म्हणाला.

आता यातली खरी मेख. या लेसरचा 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे चमक पाहून ताकद कळत नाही. बीप तर हँडपीस मेला तरी वाजतो. स्क्रीनवर ‘चौरस सेंटिमीटरला 20 ज्यूल’ दिसतं तो आपण मागितलेला आकडा असतो. टोकातून प्रत्यक्षात किती ऊर्जा बाहेर पडते हे अशी अनेक मशीनं मोजतच नाहीत. आणि काउंटर शून्यावर आणून देणारे लोक बाजारात आहेत.

विक्रेत्याने पंधरा दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ दिली होती. ही मुदत त्याने विचार करूनच ठेवली असणार, असं माझं ठाम मत आहे. लेसरनंतर केस त्याच दिवशी जात नाहीत, गळून पडायला दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच लेसर चालतो, म्हणून पुढची सिटिंग चार-सहा आठवड्यांनी असते. काहीतरी चुकतंय अशी शंका डॉक्टरला यायच्या आत वॉरंटी संपलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्यांत पीसीओएसच्या, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडामुळे चेहऱ्यावर केस येऊ शकतात त्या आजाराच्या, मुली बऱ्याच. हनुवटीवरच्या केसांमुळे ओढणी तोंडाशी धरून बसणाऱ्या, कॉलेजच्या फोटोत मागे उभ्या राहणाऱ्या. पैसे साठवून त्या पॅकेज घेतात. त्यांचे केस गळेनात. एकीच्या जबड्याच्या कडेला तर पूर्वी फक्त लव होती तिथे जाड केस आले. कमी पडलेली ऊर्जा केसांची मुळं मारत नाही, उलट आजूबाजूची निद्रिस्त मुळं जागी करू शकते. चेहरा आणि मानेवर, आणि पीसीओएस असलेल्यांत, हा धोका जास्त. म्हणजे अशक्त मशीन नुसतं निरुपयोगी नसतं, ते पेशंटचं नुकसान करतं. त्या मुलीला हे समोर बसून सांगणं मला सहा लाखांपेक्षा जड गेलं. सगळ्यांचे पैसे परत केले आणि त्यांच्या पुढच्या सिटिंग माझ्या खर्चाने दुसऱ्या क्लिनिकमध्ये लावून दिल्या.

पुण्याहून एक स्वतंत्र सर्व्हिस इंजिनिअर बोलावला. त्याने पॉवर मीटर लावला. 20 मागितले तर बाहेर जेमतेम 8. मग काळ्या कागदावर एक शॉट मारला. चौकोनी टोकाचा ठसा पूर्ण उमटायला हवा, पण एका बाजूचा पट्टा कोराच राहिला. आतले काही डायोड बार, म्हणजे लेसरचा प्रकाश तयार करणाऱ्या पट्ट्या, मेलेले होते. चिलरच्या टाकीत पिवळट गाळ होता. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरलं की डायोड थंड करणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबतात आणि बार जळतात. शेवटी त्याने हँडपीसचं लेबल दाखवलं. नंबर खरवडलेला. कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की मशीन त्यांचंच आहे, हा हँडपीस त्यांच्या नोंदीत नाही. नव्या हँडपीसची सांगितलेली किंमत मी मशीनला मोजलेल्या रकमेच्या जवळपास होती.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जसे आहे तसे’ या अर्थाची ओळ होती. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगण्यात आलं. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लावायचं तर विकतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तिथे माझ्या कामी आला तो विक्रेत्याचा व्हॉट्सॲप मेसेज: ‘ओरिजिनल हँडपीस, फुल पॉवर’. ग्राहक आयोगाचा रस्ताही सरळ नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तरच सूट आहे. माझ्याकडे मदतनीस पगारावर असल्यामुळे त्यावरच वाद होईल, असं वकील म्हणतात.

ज्यांना जुनंच मशीन घ्यायचं आहे त्यांनी इंजिनिअर आपला न्यावा, विक्रेत्याचा नव्हे, आणि मीटर लावून किमान, मधल्या व कमाल सेटिंगला ऊर्जा मोजून घ्यावी. काळ्या कागदाची चाचणी गॉगल घालूनच करावी, आणि गॉगल त्याच तरंगलांबीचा हवा. मशीन आणि हँडपीस, दोन्हींचे सिरियल नंबर पैसे देण्याआधी कंपनीकडून तपासावेत. सॉफ्टवेअरला मुदत संपली की मशीन बंद पाडणारा पासवर्ड नाही ना, मशीनवर कोणाचं कर्ज नाही ना, हेही तेव्हाच विचारावं. मोजलेले आकडे बिलावर लिहून घ्यावेत. विक्रेता मीटर लावायला ‘वेळ नाही’ म्हणाला तर उठून यावं. आयपीएलला, म्हणजे एकाच तरंगलांबीऐवजी अनेक तरंगलांबींचा प्रकाश टाकणाऱ्या दिव्याच्या मशीनला, लेसर म्हणून विकणारेही आहेत, तेव्हा तरंगलांबी काय, हा प्रश्न पहिला.

मागच्या महिन्यात एका मध्यस्थाचा फोन आला, दीड लाखात मशीन उचलतो म्हणाला. मी नाही म्हटलं. तेच मशीन काउंटर शून्य करून दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेलं असतं. इंजिनिअरचा अहवाल कंपनीला ईमेलने पाठवला आहे आणि त्या सिरियल नंबरपुढे ‘हँडपीस बदललेला’ अशी नोंद करून घेतली आहे.